बाबांचा आग्फा क्लिक थ्री: ३५ मिमीचा रोल बसावा म्हणून आतून कापू का?

केतकी_सातारा
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत बाबांचा आग्फा क्लिक थ्री सापडला. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला, तपकिरी पिशवीसकट. माझ्या बारशाचे फोटो यातलेच. शटर दाबलं की खट् वाजतं, भिंगावर धूळ सोडली तर डाग नाही, रोल पुढे सरकवायची चावी फिरते. कॅमेरा धडधाकट आहे, फक्त उपाशी आहे.

अडचण रोलची. याला १२० चा, म्हणजे रुंद फिल्मचा, रोल लागतो आणि त्यात ६ बाय ६ सेंटिमीटरचे १२ फोटो निघतात. साताऱ्यात तो मिळत नाही. बाहेरून मागवायचा आणि धुवायला पुन्हा बाहेर पाठवायचा. ३५ मिमीचे चार रोल मात्र माझ्या कपाटात पडून आहेत. एका मित्राचं म्हणणं, आतले दोन उंचवटे कापले आणि भिंती थोड्या तासल्या की ३५ ची डबी आरामात बसेल. काल ब्लेड हातात घेतलं आणि हात पुढे जाईना.

तर प्रश्न असा: कापू का? तुमच्यापैकी कुणी केलंय असं काही?

आणखी एक. नवा रोल ज्या बाजूला बसतो त्या खणात जाड कागदाची घडी घातलेली आहे. पिवळी पडलीय, पण अगदी मापात बसवलेली दिसते. ती कशासाठी असेल?

बोहरीआळी
काप. वापरात असेल तर तो कॅमेरा, नाहीतर शोकेसमधला ठोकळा.

मी दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारातून असाच एक पेटी-कॅमेरा आणला (बुधवारी जावं, रविवारी गर्दीत नीट बघू देत नाहीत). त्यात ३५ मिमी चालवला. काय केलं ते सविस्तर लिहितो, कुणाला उपयोगी पडेल.

१२० ची रिळं साधारण साडेसहा सेंटिमीटर उंच असतात. ३५ ची डबी त्यापेक्षा दीडेक सेंटिमीटर बुटकी. वर-खाली रबरी बुचाचे काप लावून ती मधोमध आणली. फिल्मचं टोक १२० च्या रिकाम्या रिळाला चिकटपट्टीने चिकटवलं. मागच्या लाल खिडकीवर काळी टेप, आणि हे विसरायचंच नाही! १२० च्या फिल्ममागे कागद असतो, ३५ च्या मागे काही नसतं. उघडी लाल खिडकी म्हणजे सगळा रोल गेला.

आता खिडकी बंद, मग आकडे कुठले बघणार? चावीच्या फेऱ्या मोजायच्या. खराब झालेला एक रोल आधी कॅमेरा उघडा ठेवून फिरवला आणि दर ६३ मिमीला मार्करने रेघ मारली. पहिल्या फोटोला पावणेदोन फेऱ्या लागल्या, शेवटी शेवटी जेमतेम एक, कारण रिळावर फिल्म साठत जाते तसा तिचा घेर वाढतो. ३६ च्या रोलमध्ये २० फोटो मिळाले. फिल्मच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्यांवरसुद्धा चित्र उमटतं, आणि ते फार देखणं दिसतं.

रोल संपला की तो डबीत परत गुंडाळायची सोय या कॅमेऱ्यात नाही. अंधारात उघडायचा आणि डबीचा दांडा बोटांनी फिरवत फिल्म आत घ्यायची.

माझ्या कॅमेऱ्यात दोन उंचवटे आड येत होते, ते कापले. बोहरी आळीतून आणलेली बारीक करवत, वीस मिनिटं.

निशाचर
भोकांवरचा फोटो टाका ना इथे.

शाळिग्राम
केतकी, ब्लेड बाजूला ठेव. मी तीस वर्षं स्टुडिओ चालवला, त्यातली बारा वर्षं दुरुस्तीही केली. कापलेलं प्लॅस्टिक पुन्हा उगवत नाही.

एकाच भिंगाच्या बऱ्याच पेटी-कॅमेऱ्यांत फिल्म टेकायची जागा मुद्दाम कमानदार ठेवलेली असते. साध्या भिंगाची प्रतिमा सपाट पडत नाही, वाटीसारखी वाकते. फिल्मही तशीच वाकवली की कडा बऱ्यापैकी सांभाळल्या जातात. आतलं काहीही तासताना हात घसरला आणि त्या कमानीला खाच पडली, तर प्रत्येक फिल्मवर उभा ओरखडा येणार. शिवाय तासलेल्या प्लॅस्टिकचा भुसा कोपऱ्यांतून पूर्ण कधीच निघत नाही. तो फिल्मवर बसतो आणि छापलेल्या फोटोत काळे ठिपके होऊन दिसतो.

बोहरीआळी, तुम्ही बाजारातून आणलेल्या कॅमेऱ्याचं हवं ते करा. हा तिच्या वडिलांचा आहे, आणि कारखान्यातून आला तसाच पन्नास वर्षं राहिलेला आहे. असा अस्सल नग हल्ली सापडत नाही.

कागदाची घडी रोल खडखडू नये म्हणून दुकानदाराने घातली असेल. काढून टाकलीस तरी चालेल.

बोहरीआळी
काका, आदर ठेवून असहमत. अस्सल राहून ट्रंकेतच राहिला ना पन्नास वर्षं?

शाळिग्राम
ट्रंकेत राहिला म्हणून तर आज हा प्रश्न विचारता येतोय.

करवीर_रोल
दोघांचंही पटतंय, पण कोल्हापूरचा माणूस कापाकापीच्याच बाजूने बोलणार. आमच्या गावात सिनेमा आला तोच मोडतोड करून. आनंदराव आणि बाबुराव पेंटर या भावांनी एक जुना प्रोजेक्टर घेतला आणि त्याचा कॅमेरा करायला बसले. चित्र फेकणारं यंत्र उलटं चालवून चित्र घेणारं करायचं. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबुराव थांबले नाहीत. विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा चालता केला आणि त्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. विकत आणायला पैसे नव्हते म्हणून हातांनी केलं. खासबाग मैदानाजवळून जाताना मला दर वेळी हे आठवतं.

जाई
आणि फाळके! त्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, सोबत भोकं पाडायचं यंत्र. कच्ची फिल्म तेव्हा भोकांशिवाय यायची. घरातली कामं आटोपल्यावर सरस्वतीबाई अंधारात बसून ती भोकं पाडत. बोहरीआळी यांच्या फोटोत दिसणारी भोकं बघताना मला त्याच डोळ्यांसमोर येतील.

करवीर_रोल
क्या बात है जाई. हे सुचलंच नव्हतं.

वऱ्हाडी_हेलिओस
आमी तं भिंगच उलटं केलं भाऊ!

जुन्या झेनिट कॅमेऱ्यासोबत येणारं हेलिओस ४४-२, ५८ मिमी, एफ २. मुळात झाइसच्या बायोटार भिंगावरून रशियात घडवलेलं. त्याचं सगळ्यात पुढचं भिंग काढून उलटं बसवायचं. मधला भाग बराचसा रेखीव राहतो आणि कडांचं सगळं विरघळत, गरगरत जातं. बायकोचा फोटो अंबाझरीच्या काठावर असा काढला की मागची झाडं तिच्याभोवती फेर धरून उभी वाटतात.

पुढची कडी सोडवायला खास पाना लागतो. मी लेकीच्या कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं, टोकं कानशीने बोथट केली आणि त्यावर सायकलच्या व्हॉल्वट्यूबचे तुकडे चढवले. टोक सटकलं तर भिंगावर जन्माचा ओरखडा, म्हणून ट्यूब हवीच. भिंग काढण्याआधी त्याच्या कडेला पेन्सिलीने बाण करा, म्हणजे मूळ दिशा कोणती ते कळतं. परत सरळ करायला दहा मिनिटं पुरतात.

शाळिग्राम काकांना हे चालेल, कारण काहीच कापलं नाही.

शाळिग्राम
चालेल. खूण करून ठेवली हे फार आवडलं.

जाई
थोडं अवांतर. माझ्या मामांचा कॅनोनेट कॅमेरा माझ्याकडे आलाय. त्याला लागणारा सेल आता मिळत नाही. दुकानदाराने दीड व्होल्टचा दिला, पण उजेड मोजणारं मीटर काहीच्या बाही दाखवतं. फोटो काळपट येताहेत.

दीडव्होल्ट
अवांतर कसलं, हा तर माझा विषय.

तुमच्या कॅमेऱ्याला पीएक्स ६२५ हा पाऱ्याचा सेल लागायचा, १.३५ व्होल्टचा. संपेपर्यंत तो तेवढाच दाब देत राही, आणि मीटर त्याच भरवशावर जुळवलेलं असतं. पाऱ्याच्या विषारीपणामुळे हे सेल बंद झाले. आज मिळणारा अल्कलाइन १.५ पासून सुरू होतो आणि उतरत जातो. दाब जास्त म्हणजे मीटरला वाटतं उजेड जास्त, ते छिद्र बारीक करतं, आणि फोटो काळपट येतो. तुमची लक्षणं तंतोतंत जुळतात.

उपाय दोन. पहिला बिनखर्चाचा म्हणावा असा: कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल. झिंक-एअर, १.४ व्होल्ट, दाब स्थिर. औषधाच्या मोठ्या दुकानात किंवा कानाची मशीन विकणाऱ्यांकडे पाकीट मिळतं. तो जुन्या सेलपेक्षा अरुंद आहे, म्हणून भोवती रबरी वॉशर घाला. पाठीवरचा स्टिकर काढला की तो हवा घेऊ लागतो आणि मग वापरा न वापरा, काही आठवड्यांत संपतो. म्हणून सहलीला निघायच्या दिवशीच स्टिकर काढा.

दुसरा: १.५५ व्होल्टचा सिल्व्हर ऑक्साइड सेल आणि वाटेत एक शॉटकी डायोड. डायोड ०.२ व्होल्टच्या आसपास खाऊन टाकतो. कॅमेऱ्यात डाग द्यायचा नसेल तर रिकाम्या सेलच्या कवचातच डायोड बसवून अडॅप्टर करता येतो.

पेंटॅक्स स्पॉटमॅटिकवाल्यांना यातलं काही करायची गरज नाही. त्याच्या मीटरची जोडणी ब्रिज पद्धतीची आहे, दाब थोडा बदलला तरी मोजमाप हलत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. कॅमेऱ्यातला किंवा सुटा फ्लॅश उघडू नका. आतला कपॅसिटर ३०० व्होल्टच्या घरात भरलेला असतो आणि सेल काढल्यावरही कितीतरी वेळ भरलेलाच राहतो. माझ्या उजव्या अंगठ्यावर त्याची खूण आहे.

जाई
आजोबांच्या कानाच्या मशीनचं पाकीट घरात आहेच! आज रात्रीच करून बघते. धन्यवाद दादा.

रत्नांग्री
कोकणातला म्हणून बुरशीबद्दल लिहितो, कारण आमच्याकडे कॅमेरा बदलण्याआधी जगवावा लागतो. चार पावसाळे कपाटात राहिलेलं भिंग म्हणजे आत कोळ्याची जाळी. ती नुसती बसत नाही, काचेवरचा मुलामा खाते. मग पुसली तरी ठसा राहतो.

माझी सोय: स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, झाकणाला आतून रबरी पट्टी, तळाला सिलिका जेलच्या पुरचुंड्या, आत दीडशे-दोनशे रुपयांचं आर्द्रता दाखवणारं घड्याळ. काटा पन्नासच्या जवळ राहिला की मी निश्चिंत. जेल ओलं झालं की रंग बदलतो. ते तव्यावर मंद आचेवर भाजून पुन्हा कोरडं करता येतं. पण तो तवा वेगळाच ठेवा, भाकरीचा नको. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं. नारिंगी मिळालं तर तेच घ्या.

चामड्याच्या पिशवीत मात्र कॅमेरा कधी ठेवू नका. केतकीताई, ती तपकिरी पिशवी दिसायला छान असली तरी ओल तीच धरते. पिशवी वेगळी, कॅमेरा वेगळा.

केतकी_सातारा
आत्ताच वेगळी केली. किती काय काय कळतंय. अजून ब्लेड ड्रॉवरमध्येच आहे.

कोकणकडा
मी एक मधला मार्ग सुचवू का? कापायचंच असेल तर शटर मेलेला दुसरा क्लिक थ्री घ्या. पडीक भावात मिळतो. मी तसा एक घेऊन त्याचा पिनहोल, म्हणजे भिंगाऐवजी बारीक भोकाचा कॅमेरा, केला.

भिंग-शटर काढलं आणि त्या जागी कोल्ड्रिंकच्या डब्याच्या पत्र्याचा तुकडा. शिवणाच्या सुईचं नुसतं टोक दाबायचं, पलीकडे फुगवटा आला की ६०० नंबरच्या पॉलिशपेपरने पाण्यात घासायचा, पुन्हा टोक, पुन्हा घासणं. भोकाचं माप डोळ्यांनी ठरवू नका. भोकापासून फिल्म ७५ मिमीवर असेल तर भोक ०.३९ मिमीच्या आसपास हवं (अंतर गुणिले ०.०००५५, त्याचं वर्गमूळ, गुणिले १.९). ते मोजायला पत्रा सरळ स्कॅनरवर ठेवला. २४०० डीपीआयला भोक ३७ पिक्सेल भरलं की झालं. मी पाच पत्रे वाया घालवले, सहावा जमला.

हे एफ १९४ च्या जवळ येतं, म्हणजे भोक अंतराच्या १९४ व्या भागाएवढं. लख्ख उन्हात १०० आयएसओच्या फिल्मला दीड सेकंद. शटर म्हणजे काळ्या टेपचा तुकडा, उचलायचा आणि चिकटवायचा. सावलीत मात्र फिल्म आळसावते. इल्फर्डच्या एचपी ५ या कृष्णधवल फिल्मला मोजून १० सेकंद येत असतील तर प्रत्यक्षात २० द्यावे लागतात, ३० येत असतील तर जवळजवळ दीड मिनिट. हरिश्चंद्रगडाच्या गुहेतल्या शिवलिंगाला मी अर्धा तास दिला. भोवतीचं पाणी धुक्यासारखं आलंय.

निशाचर
अर्धा तास त्या गारठ्यात उभा होतास?

कोकणकडा
बसलो होतो. चहाची किटली होती सोबत.

सातासमुद्रापार
उशिरा आले, पण धागा सगळा वाचला. मी कॅलिफोर्नियात असते आणि इथल्या गराज सेलमधून कोडॅकचे ब्राउनी गोळा करते. ब्राउनी हॉकआय फ्लॅशचं भिंग वऱ्हाडी दादांसारखंच उलटं करतात, तिथेही परिणाम तसाच. पण मला लिहायचंय ते वेगळं.

या कॅमेऱ्यांना ६२० चा रोल लागतो. ६२० आणि १२० ची फिल्म एकच, मागचा कागदही तोच. फरक फक्त रिळात, ६२० चा दांडा बारीक आणि चकत्या लहान. १२० सन १९०१ पासून आजतागायत निघतो, ६२० कोडॅकने १९९५ मध्ये बंद केला. म्हणून आम्ही काय करतो? कॅमेऱ्याला हात लावत नाही. फिल्मला लावतो! चेंजिंग बॅगमध्ये (उजेड आत न शिरणारी पिशवी) हात घालून १२० चा रोल उलगडायचा आणि ६२० च्या जुन्या रिळावर गुंडाळायचा. दोनदा गुंडाळावा लागतो, म्हणजे योग्य टोक बाहेर येतं. फिल्म कागदाला एकाच टोकाला चिकटवलेली असते. दुसऱ्यांदा गुंडाळताना तिथे फुगा येतो, तो चिकटपट्टी उचलून पुन्हा लावून काढायचा.

केतकी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच दिसतं. एक तरी १२० चा रोल वापर आणि धुणाऱ्याला सांगून त्याचा मागचा कागद परत माग. तो कागद आणि ते रिळ हीच तुझी पुंजी. अंधारात त्या कागदावर, जिथून मूळ फिल्म सुरू होत होती तिथे, ३५ मिमीच्या फिल्मचं टोक मधोमध चिकटव. एकाच टोकाला. दुसरं टोक सुटं राहू दे, कारण कागद आणि फिल्म वेगवेगळ्या घेराने गुंडाळले जातात आणि दोन्हीकडे चिकटवलं तर फिल्म चुरगळते. ८० सेंटिमीटरच्या आसपास फिल्म लागेल. घट्ट गुंडाळ आणि नेहमीच्या १२० सारखं कॅमेऱ्यात घाल.

फेऱ्या मोजायला नकोत, लाल खिडकीतून कागदावरचे आकडे दिसतील. टेप नको, कागद उजेड अडवतो. रोल परत गुंडाळायला नको. आणि कॅमेऱ्यातला एक कणही कापायला नको.

आता ती कागदाची घडी. काका रागावू नका, पण ती दुकानदाराची वाटत नाही. जुन्या कॅमेऱ्यात नव्या रोलला अडवून धरणारी पट्टी सैल पडते, मग रोल ढिला गुंडाळला जातो आणि काढताना कडांनी उजेड शिरतो. त्यावर सगळीकडचे लोक एकच उपाय करतात: रिळाखाली जाड कागदाची घडी, म्हणजे ती थोडी अडखळत फिरते आणि रोल घट्ट येतो. तुझ्या बाबांचा कॅमेरा कारखान्यातून आला तसा राहिलेला नाही, कुणीतरी त्यात विचारपूर्वक बदल केलाय. बाबांना विचारलंस का?

बोहरीआळी
कागदावर चिकटवायचं! अरे देवा, मी वीस मिनिटं करवत चालवली.

एक शंका. ३५ ची पट्टी कागदावर डावी-उजवीकडे सरकणार नाही का?

सातासमुद्रापार
सरकते. काळ्या कार्डपेपरची चौकट करून फिल्मच्या खिडकीवर मास्किंग टेपने लावली तर दोन्ही बाजूंनी धार मिळते. ती नंतर काढून टाकता येते.

शाळिग्राम
रागावण्यासारखं काही नाही. घडी रिळाखाली, मापात, हे मूळ पोस्टमध्येच लिहिलेलं होतं आणि मी नीट वाचलं नाही. स्टुडिओत आम्ही यासाठी रोलच्या खोक्याचा पुठ्ठा वापरायचो. केतकी, ती घडी अजिबात काढू नकोस.

केतकी_सातारा
काढली होती. परत घातली. आणि बाबांना विचारलं.

बाबा ८१ वर्षांचे आहेत, कमी बोलतात. कॅमेरा हातात दिला तर पहिल्यांदा मागचं झाकण उघडून त्या घडीवरच बोट ठेवलं. म्हणाले, "ही सुमनच्या लग्नातली."

सुमनआत्याचं लग्न १९७६ मधलं, वाईला. बाबांनी तीन रोल काढले होते. तिन्ही रोलच्या फोटोंच्या कडा पांढऱ्या आल्या. अक्षता टाकतानाच्या फोटोत आजी अर्धीच दिसते, तिच्या बाजूचं सगळं पांढरं. बाबांना ते फार लागलं. कुणाला न विचारता रात्री बसून त्यांनी कॅमेरा उघडझाप करून पाहिला, रिकामं रिळ फिरवलं, आणि ते फार सैल फिरतंय हे त्यांच्या लक्षात आलं. घरात लग्नाच्या उरलेल्या पत्रिका पडल्या होत्या. त्यातली एक कापून, चार घड्या घालून आत बसवली. त्यानंतर एकाही फोटोची कड गेली नाही. माझं बारसं १९८१ चं, त्या फोटोंना आत्ता पाहिलं. चारही कडा शाबूत.

घडी उलगडून बघितली. श्री गजानन प्रसन्न, आणि खाली आजोबांच्या नावाचा अर्धा भाग.

मग कापायचं का हेही विचारलं. म्हणाले, "तुला कापायचं तर काप, तुझाच आहे. पण आधी न कापता काय होतंय ते बघ. मी तसंच केलं." ब्लेड परत देऊन आले.

जाई
हे आईला वाचून दाखवलं. ती अजून त्याबद्दलच बोलतेय.

वऱ्हाडी_हेलिओस
बाबांले आमचा दंडवत.

निशाचर
पत्रिकेचा फोटो नको, ती आतच राहू दे. पण आजीचा तो अर्धा फोटो दाखवशील का?

केतकी_सातारा
तीन आठवड्यांनी परत आले. एक १२० चा रोल मागवला, बाबांनी आणि मी मिळून काढला, धुणाऱ्याकडून कागद परत मागितला. आधी तो टाकून देणार होता! मग त्या कागदावर एचपी ५ ची ३५ मिमीची पट्टी चिकटवली. चेंजिंग बॅग नाही, म्हणून रात्री न्हाणीघराच्या झरोक्याला काळं कापड लावलं आणि वर गोधडी पांघरून बसले. आधी उजेडात वाया गेलेल्या फिल्मवर पाच वेळा सराव केला होता, तो फार कामी आला.

मेणवलीच्या घाटावर गेलो. बारा फोटो. पहिले दोन गेले, सुरुवातीला पट्टी तिरकी चिकटली होती. तिसऱ्यात कृष्णेचं पाणी आणि भोकांची रांग, पायऱ्यांना समांतर. सातव्यात बाबा घंटेच्या देवळाजवळ उभे आहेत आणि डोक्यावरून भोकं जातात. आठवा आणि नववा थोडा एकमेकांवर चढलाय, खिडकीतला आकडा वाचताना घाई झाली. चौकट लावली होती तरी अकराव्यापर्यंत पट्टी दोन-तीन मिलिमीटर सरकली. चालण्याजोगं आहे.

सगळ्या फोटोंच्या कडा नीट आहेत. पत्रिका काम करतेय.

शाळिग्राम
चौकटीचं माप कळव. आणि स्कॅन कशावर केलंस? भोकांपर्यंतचं सगळं आलंय, नेहमीच्या स्कॅनरची पट्टी तर भोकं झाकते.

केतकी_सातारा
काका, चौकटीची फट ३६ मिमी ठेवली होती, पुढच्या वेळी ३५.५ करणार. स्कॅनर नाही माझ्याकडे. टॅबलेटवर पूर्ण पांढरं चित्र लावलं, वर दुधी ॲक्रिलिकचा तुकडा थोडा उचलून ठेवला, नाहीतर पडद्याचे ठिपके फोटोत येतात. त्यावर निगेटिव्ह, आणि वरून दुसऱ्या कॅमेऱ्याने फोटो. मग संगणकावर उलटा केला. खोलीतले सगळे दिवे बंद.

दीडव्होल्ट
उत्तम. जाईताई, तुमच्या कॅनोनेटचं काय झालं?

जाई
मीटर शहाण्यासारखं वागतंय! फक्त आजोबा पाकिटातले सेल मोजून ठेवायला लागलेत.

आता मलाही क्लिक थ्री हवाय. कॅमेरा मिळेल, पण १२० चा मागचा कागद कुणाकडे जादा आहे का?

बोहरीआळी
माझ्याकडे सहा आहेत, रिळांसकट. या रविवारी जुन्या बाजारात येणार असाल तर घेऊन येतो. सकाळी दहाच्या आत या, मग उभं राहायला जागा नसते.